धाकट्या जावेचा शनिवार

परवाच्या टपालात एक जाडजूड पाकीट आलं. आत वहीची सात पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि शेवटच्या पानावर समासात आडवं करून एक ओळ: "ताई, नाव-गाव छापू नका. पण उत्तर अंकातच द्या. घरी पत्र आलं की ते आधी सासूबाईंच्या हातात पडतं." तेव्हा उत्तर इथंच देते आहे. ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे.

पत्र लिहिणारी थोरली जाऊ आहे. घर एकत्र, तालुक्याच्या गावातलं, पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड. धाकट्या जावेला पाच वर्षांपूर्वी सातव्या महिन्यातच मूल झालं, ते राहिलं नाही. त्यानंतर तिची झोप उडाली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी म्हणून झोपेची गोळी दिली होती. पंधरा दिवसांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. चिठ्ठी तीच जुनी, दुकानातला पोऱ्या जाऊन गोळ्या घेऊन यायचा. मग खोकल्याच्या औषधाची भर पडली, आणि शेवटी धाकट्या दिरांच्या कपाटातली बाटली. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण प्रत्येकाला आपापलं. बोललं कुणीच नाही. पाहुण्यांना सांगायचं उत्तर ठरलेलं होतं, "तिला पित्ताचा त्रास आहे हो."

गौरीजेवणाच्या दिवशी पुरणाचं पातेलं तिच्या हातून निसटलं. पाय भाजला. थोरलीची लेक दोन हातांवर उभी होती, ती थोडक्यात वाचली. शेजारच्या नर्सबाई रोज पट्टी बदलायला येऊ लागल्या. त्या ख्रिस्ती, मूळच्या नगर भागातल्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. चौथ्या दिवशी त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "बाळ, कधीपासून घेतेस?" पत्रात लिहिलंय, पाच वर्षांत हा प्रश्न घरातल्या कुणी तिला केला नव्हता. रागावून झालं होतं, टोमणे मारून झाले होते, कपाटाच्या किल्ल्या लपवून झाल्या होत्या.

नर्सबाईंनी तिला आधी जिल्ह्याच्या गावी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. दारू बंद करताना आठ दिवस तिथं ठेवून घेतलं, गोळ्या मात्र एकदम बंद न करता हळूहळू उतरवत आणल्या. मग दर शनिवारी संध्याकाळी तिला चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मीटिंगला नेऊ लागल्या. तिथं अकरा पुरुष आणि दोन बायका. पहिल्याच दिवशी त्यातली एक बाई, पेशानं शिक्षिका, उभी राहिली आणि आपण वर्गात जाण्याआधी काय करत होतो ते सांगू लागली. धाकटी घरी येऊन रात्रभर रडली म्हणे, आणि सकाळी म्हणाली, "वहिनी, मी एकटी नाही." मीटिंगशिवाय ती अधूनमधून नर्सबाईंच्या घरी त्यांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेलाही बसते. आणि आता पत्रातलं एक वाक्य जसंच्या तसं देते: "त्या प्रार्थनेत आमच्या न राहिलेल्या बाळाचंही स्मरण करतात. आमच्या घरात त्याचा विषय कुणी काढत नाही, ताई."

चार महिने झाले, तिनं थेंबाला हात लावलेला नाही. थोरलीच्या लेकीचा अभ्यास घेते, दुपारी झोपून राहत नाही. आणि आता कुणीतरी सासूबाईंच्या कानावर घातलं की तुमची धाकटी चर्चमध्ये जाते. सासूबाई म्हणाल्या, "घरात बसून प्यायली तरी चालेल, पण त्या पायरीवर पाऊल ठेवायचं नाही." गेल्या शनिवारी त्यांनी तिच्या चपला लपवल्या. ती अनवाणीच निघाली, तेव्हा थोरलीनं आपल्या पायातल्या काढून तिला दिल्या. त्या रात्री घरात जे व्हायचं ते झालं. सात पानांच्या शेवटी प्रश्न एकच आहे: "माझं चुकलं का?"

चुकलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल.

आता जरा सगळ्याच मैत्रिणींशी बोलते. व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो, आणि बाई म्हणजे दारात त्याची वाट बघणारी. आपल्या कथा-सिनेमांनी हेच चित्र पक्कं केलं आहे. पण माझी एक मावशी रोज तव्यावर तंबाखू भाजायची. तो वास आला की आम्ही मुलं अंगणात पळायचो. सकाळ-संध्याकाळ मिश्री, आणि दुपारी डोकं दुखलं की आणखी एकदा. तिला कुणी व्यसनी म्हटलं नाही, 'दात घासते' म्हटलं. मिश्रीनं तोंडाचा कॅन्सर होतो हे आज शाळेतल्या पोरीही सांगतील, तरी कितीतरी घरांत फडताळावर ती डबी अजून आहेच. गोळ्यांचंही तसंच. डाळीच्या डब्यात, रुखवताच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या खणात गोळ्यांच्या पट्ट्या ठेवणाऱ्या बायकांची पत्रं मला येतात. पुरुष पितो तेव्हा गल्लीला कळतं. बाई पिते तेव्हा घर भिंत होऊन उभं राहतं, आणि त्या भिंतीआड तिचं शरीर लवकर ढासळतं. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू तिला जास्त चढते आणि यकृतही लवकर खराब होतं. पुरुषाला उपचारापर्यंत ओढत नेणारी बायको असते. बाईला ओढत नेणारं कोण? या पत्रातल्या धाकटीला तर पाय भाजला म्हणून कुणीतरी भेटलं.

सासूबाईंच्या भीतीकडे वळते. ती भीती वेड्यासारखी आहे म्हणून उडवून लावू नका. ज्या मीटिंगला धाकटी जाते तिचं मूळ खरोखरच एका ख्रिस्ती मंडळीत आहे. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजे ज्याला सगळे एए म्हणतात, ती चळवळ १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झाली. एक न्यूयॉर्कचे बिल विल्सन, दुसरे ॲक्रनचे शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. दोघंही 'ऑक्सफर्ड ग्रुप' नावाच्या ख्रिस्ती मंडळाच्या बैठकांना जात. आपला दोष मोकळेपणी कबूल करणं, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करणं, रोज प्रार्थना करणं, हे सगळं तिथूनच आलं. पण पुढे लिहून काढताना त्यांनी देवाचं नाव सैल सोडलं. ज्याला जसा उमगेल तसा देव, एवढंच ठेवलं. म्हणून आज त्या मीटिंगला कुणी विठोबाला हात जोडून येतो, कुणी अल्लाचं नाव घेऊन, आणि कुणी देव न मानणाराही येतो. वर्गणीची सक्ती नाही, नाव विचारत नाहीत.

त्याच ॲक्रनची आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया नावाची एक जोगीण रुग्णांना दाखल करून घ्यायच्या टेबलावर बसत असे. मूळची संगीतशिक्षिका, कामाच्या ताणानं स्वतः एकदा पार कोसळलेली, म्हणून हलकं काम दिलेलं. त्या काळी दारुड्याला रुग्णालयात खाट मिळत नसे. डॉ. बॉब यांनी तिला गळ घातली, आणि १९३९ सालच्या ऑगस्टमध्ये तिनं एका माणसाला दाखल करून घेतलं. कागदावर लिहिलं 'पोटाचा तीव्र दाह'. बघा, तिथंही पित्तच! वॉर्डात ठेवायची पंचाईत, तेव्हा रुग्णांसाठी आलेली फुलं जिथं फुलदाण्यांत लावून ठेवत त्या खोलीत त्याची खाट टाकली. त्या खाटेपासून सुरू होऊन पुढे हजारो माणसं तिच्या हाताखालून गेली. घरी जाताना ती प्रत्येकाला येशूच्या पवित्र हृदयाचं एक छोटं पदक देई आणि एक कबुली घेई: पुन्हा प्यावंसं वाटलं, तर आधी इथं येऊन हे माझ्या हातात परत द्यायचं, मग प्यायचं. मैत्रिणींनो, कल्पना करा, खिशातलं ते पदक घेऊन त्या बाईसमोर उभं राहायचं! बरेच जण वाटेतूनच परत फिरत असतील.

बायकांना मात्र या मीटिंगांतही सहज जागा मिळाली नाही. सुरुवातीला तिथल्या पुरुषांच्या बायकाच म्हणत, पिणारी बाई आमच्या नवऱ्यांच्या शेजारी नको. मार्टी मॅन नावाची एक शिकली-सवरलेली, श्रीमंत घरातली बाई १९३९ साली खासगी रुग्णालयात उपचार घेत होती. तिच्या डॉक्टरांनी तिला एएच्या पुस्तकाचं हस्तलिखित वाचायला दिलं. जागोजागी देव हा शब्द बघून ती इतकी भडकली की तिनं ते भिरकावून दिलं. पुढे त्याच पुस्तकानं तिला बिल विल्सनच्या ब्रुकलीनच्या घरातल्या बैठकीपर्यंत नेलं. दारू सोडून या संघटनेत टिकलेल्या अगदी पहिल्या बायकांत तिचं नाव घेतात. १९४४ साली तिनं दारूचं व्यसन हा आजार आहे, ती बदफैली नव्हे, हे लोकांना समजावून सांगण्यासाठी एक राष्ट्रीय समिती काढली आणि उरलेलं आयुष्य गावोगाव तेच सांगत फिरली. स्वतःचं नाव उघड करून, बाई असून.

हे झालं जुनं. आता आजचं एक घर दाखवते.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात नॅशव्हिल म्हणून शहर आहे. तिथं बेका स्टीव्हन्स या एपिस्कोपल चर्चच्या धर्मोपदेशिका आहेत, म्हणजे स्त्री पाद्री. त्या पाच वर्षांच्या असताना त्यांचे वडील, तेही पाद्रीच, एका दारू प्यायलेल्या माणसाच्या गाडीनं गेले. त्यानंतर चर्चमधल्याच एका मोठ्या माणसानं त्या लहानगीवर अत्याचार केले, हेही त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. ज्या देवळाच्या आवारात घाव बसला तिथंच त्या पुढे उभ्या राहिल्या, हे मला सोपं वाटत नाही. मी असते तर त्या रस्त्यानं पुन्हा गेले नसते.

१९९७ साली त्यांनी एक घर घेतलं आणि पाच बायकांना तिथं राहायला बोलावलं. घराचं नाव ठेवलं मॅग्डलीन, बायबलमधल्या मरिया मग्दालियावरून. या पाच जणी रस्त्यावरच्या होत्या. कोकेनसारख्या नशेत सापडलेल्या, त्या पैशासाठी शरीर विकणाऱ्या, तुरुंगाच्या वाऱ्या केलेल्या. बहुतेकींवर लहानपणीच घरातच अत्याचार झालेले. अशा बायकांना आपण सुधारगृहात ठेवतो. तिथं घंटा असते, वॉर्डनबाई असतात, गजाची खिडकी असते. स्टीव्हन्सबाईंनी यातलं काही ठेवलं नाही. घराला वॉर्डन नाही. किल्ली राहणाऱ्या बायकांच्याच हातात. स्वयंपाक कुणी करायचा, भांडी कुणी घासायची, हे त्यांनी आपसांत ठरवायचं. आणि मुक्काम दोन वर्षांचा, एक पैसा न घेता. औषधोपचार, दातांचे डॉक्टर, मनाचे डॉक्टर, सगळं धरून.

दोन वर्षं, बरं का. आपण एकवीस दिवसांत, फार तर महिनाभरात बाई धुऊन-पुसून परत मागतो. पाच वर्षांत बिघडलेली झोप महिन्यात कशी परतेल? आणि परतली तरी जिथं ती बिघडली त्याच खोलीत, त्याच पलंगावर जाऊन झोपायचं असतं.

या घरात देव आहे का? आहे. रोज सकाळी सगळ्या गोल करून बसतात आणि एक मेणबत्ती लावतात. ती त्यांच्यापैकी कुणासाठी नसते, तर अजून बाहेर रस्त्यावर असलेल्या, घरची वाट शोधत असलेल्या बाईसाठी असते. पण त्यासाठी बाप्तिस्मा घ्या, अशी अट नाही. आधी खाट, आंघोळीला गरम पाणी, दाराला आतून लागणारी कडी. मग जिला हवं तिनं हात जोडावेत.

चार वर्षांनी एक वेगळीच अडचण पुढे आली. नशा सुटली, पण काम कोण देणार? तुरुंगात जाऊन आलेली बाई, पूर्वी कुठं नोकरी केल्याचा दाखला नाही. तेव्हा २००१ साली त्यांनी स्वतःचाच उद्योग काढला. मेणबत्त्या, अंगाला लावायची तेलं, साबण. नाव ठेवलं 'थिसल फार्म्स'. थिसल हे तिकडचं रस्त्याकडेला उगवणारं काटेरी झाड. जांभळं बोंड, हात लावाल तिथं काटा. आपल्या माळावरची उटकटारी पाहिली असेल, तिचीच लांबची बहीण. कुणी ती मुद्दाम लावत नाही, शेतकरी उपटून फेकतो, पण सिमेंटच्या भेगेतूनही ती वर येते, आणि तिच्या बोंडात रेशमासारखा मऊ कापूस असतो. या बायका रस्त्याकडेची ती झाडं गोळा करून आणायच्या आणि त्याच्या लगद्यातून हाती कागद करायच्या, साबणा-तेलाच्या खोक्यांसाठी. ज्या रस्त्यांवर पूर्वी रात्री उभ्या राहायच्या तेही याच शहरातले. पुढे त्यांनी चहा-कॉफीचं हॉटेलही काढलं. तिथं वाढणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, नव्या आलेलीला मेण किती तापवायचं ते शिकवणाऱ्या बायका बऱ्याचशा त्या घरातूनच बाहेर पडलेल्या.

सगळ्याच टिकतात का? नाही. काही जणी परत जातात. कुणी सहा महिन्यांनी पुन्हा दारात येते. हे लपवून मी तुम्हाला गोड गोष्ट सांगणार नाही.

ही सगळी लांबची उदाहरणं झाली, आमच्या सासूबाईंना नॅशव्हिलचं काय, असं तुम्ही म्हणाल. मग आपल्याच मातीतलं सांगते. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये होत्या. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेली, समाजानं टाकलेल्या बायकांची आश्रयगृहं त्यांना दाखवण्यात आली. तिथं एकेकाळी रस्त्यावर असलेल्या आणि आता दुसऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका रमाबाईंनी पाहिल्या. अशा बाईसाठी कुणी असं काही करतं, हे आपण आपल्या देशात पाहिलं नव्हतं, असं त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा सासूबाईंची भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. माणसं धर्म बदलतात, रमाबाईंसारखी विचार करून बदलतात. पण रमाबाईंना ज्या जागेवर टोचलं ती जागा बघा. या बाईसाठी तुमच्याकडे काय आहे, हाच तो प्रश्न. सासूबाईंनी धाकटीला पाच वर्षं पित्ताचं नाव दिलं आणि शेवटी घरात बसून पी म्हणाल्या. नर्सबाईंनी पायाला पट्टी बांधली, डॉक्टरकडे नेलं, आणि मग प्रार्थनेला बसवलं. क्रम लक्षात ठेवा.

आपल्याकडे आता या कामात धर्माच्या भिंती तितक्या उरलेल्याही नाहीत. मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी १९८१ साली 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. ते स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेले पाद्री, आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींचे शिष्य. त्यांच्याकडे व्यसन सोडायला आलेला माणूस सकाळी योगासनं करतो! २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चर्चच्या आवारातली योगासनं सासूबाईंना जरूर सांगा, त्या हसल्या तर अर्धं काम झालं. आणि चर्च नकोच असेल तर पुण्याला 'मुक्तांगण' आहे. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांचा त्याला मोठा आधार होता. तिथं व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग आहे. शिवाय १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. जवळचं केंद्र तिथून कळतं.

आता थोरल्या जाऊबाई, तुमच्याशी.

पहिली गोष्ट घरच्यांपेक्षा या सदराच्या बाकीच्या वाचकांसाठीही लिहिते. बरीच वर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू डॉक्टरांशिवाय घरात कोंडून एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जिवावर बेततं. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच, त्या डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्यानं उतरवायच्या. तुमच्या नर्सबाईंनी हे ओळखलं आणि आधी डॉक्टर गाठले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसतो. याच्या उलट कुणी प्रार्थनेनं सगळं होईल म्हणून तिच्या गोळ्या फेकून द्यायला लावल्या, तिच्याकडून पैसे किंवा दागिने मागितले, घरच्यांशी बोलू नकोस म्हटलं, आजार बरा होण्यासाठी आधी धर्म बदल म्हटलं, तर तो माणूस कुठल्याही देवाचं नाव घेत असो, तिथून तिला उठवून आणा. असे लोक सगळ्याच धर्मांत आहेत. पित्याचं भूत उतरवणारे बाबा आपणही पाहिले आहेत.

दुसरं, या शनिवारी तुम्ही तिच्याबरोबर जा. आत कुणाला बसू देतात ते आधी नर्सबाईंना विचारा. काही बैठका सगळ्यांना खुल्या असतात, काही फक्त व्यसन असलेल्यांच्या. बसू दिलं तर मागच्या बाकावर बसा, नाहीतर बाहेर व्हरांड्यात. घरी येऊन सासूबाईंना जे पाहिलंत ते तिखटमीठ न लावता सांगा. किती माणसं होती, काय बोलली, चहा कसा होता. न पाहिलेल्या जागेची भीती मोठी असते. आणि एकदा त्यांनाच घेऊन जा, किंवा नर्सबाईंना हळदीकुंकवाला बोलावता तसं चहाला बोलवा. पाय भाजला तेव्हा त्या स्वयंपाकघरापर्यंत आल्याच होत्या की.

धाकट्या दिरांबद्दल तुम्ही सात पानांत दोनच ओळी लिहिल्यात, ते माझ्या लक्षात आलं. ज्या कपाटातल्या बाटलीनं सुरुवात झाली ते कपाट अजून तसंच आहे का? असलं तर ते रिकामं झालं पाहिजे. हे त्यांना तुमच्या यजमानांनी सांगावं, तुम्ही नको. बायकोला चार महिन्यांनी झोप लागते आहे आणि नवरा त्याच खोलीत बाटली ठेवतो, हे कुठल्या धर्मात बसतं, असं जरूर विचारा.

आणि त्या बाळाचं. घरात त्याचा विषय निघत नाही, हे तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण मला वाटतं सगळी सात पानं त्याच वाक्यापाशी येऊन थांबतात. धाकटीला प्रार्थना हवी आहेच, पण ती तिथं जाते ते कुणीतरी त्या मुलाला मूल म्हणतं म्हणूनही. तेवढं तर आपल्या घरात आपल्या देवापुढेही करता येईल. त्याची जी तारीख असेल त्या दिवशी देवापाशी एक निरांजन लावा आणि सासूबाईंनाच ते लावायला सांगा. पहिल्यांदा रडारड होईल. होऊ द्या. नातू त्यांचाही होता.

ती मध्येच कधी घसरली, एखाद्या लग्नात, एखाद्या वाईट बातमीच्या दिवशी, तर चार महिने फुकट गेले असं कुणी म्हणू नका. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना निरोप पाठवा आणि शनिवार चुकवू नका.

शनिवारी संध्याकाळच्या भाकऱ्यांचं काय, हे तुम्ही कंसात लिहिलंत. भात-पिठलं धाकट्या दिरांना येतं का विचारून बघा, नसेल येत तर शिकवा, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि मला पुढचं पत्र लिहाल तेव्हा चपला मिळाल्या का तेही कळवा. लोणच्याला बुरशी का धरते, असं विचारणाऱ्या तिघीचौघींना पुढच्या अंकात उत्तर देते. तोवर बरणी उघडून उन्हात ठेवू नका.